मागच्या मोरीचे पाणी

मंगळवार, दिनांक ५ मार्च २०२४, सकाळी सव्वाआठ. माडीवरच्या न्हाणीघराच्या मोरीत मी निळीचे बादलीभर पाणी ओतले, जिना उतरलो आणि घरापुढच्या चेंबरपाशी जाऊन उभा राहिलो. झाकण आधीच बाजूला काढून ठेवले होते. थोड्या वेळाने आतल्या नळातून पाणी आले. ते निळे होते. न्हाणीघराचे पाणी जिथे जायला हवे तिथेच जात होते. तो नळ संशयातून सुटला.

संशय कशाचा, ते सांगायला हवे.

आमच्या घराला तळघर आहे. घर सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीत आहे. मी शाळेत असताना वडिलांनी ते एका विणकर कुटुंबाकडून विकत घेतले. त्या कुटुंबाने जाताना आपले सामान नेले. तळघर आम्हाला मिळाले ते रिकामे आणि ओले. वडिलांनी तिथे ज्वारीची पोती रचली. ज्वारीला बुरशी आली. मग ट्रंका ठेवल्या. ट्रंकांना गंज चढला. भिंतींना चुना लावला, डांबर लावले, कोणाच्या सांगण्यावरून एकदा कोपऱ्यात कोळसाही पुरला. ओल होती तशीच राहिली. सोलापूरची हवा कोरडी. चैत्र लागला की ओठ फुटतात, दारे आकसून कड्या बसेनाशा होतात. अशा गावात भर उन्हाळ्यात आमच्या तळघराच्या फरशीवर अनवाणी उभे राहिले तर तळपाय गार पडत.

वडिलांनी एकदा पाणाड्या आणला होता. तो तळहातावर नारळ आडवा धरून तळघरात फिरला. मागच्या भिंतीपाशी नारळ उभा राहिला. खाली जिवंत झरा आहे, असे त्याने सांगितले. आसपासचे आड उन्हाळ्यात तळ गाठत असताना आपल्या घराखाली झरा आहे, याचा वडिलांना अभिमानच वाटू लागला. त्यानंतर ओलीबद्दल घरात कोणी तक्रार केली की उत्तर ठरलेले असे: झऱ्याला कोण काय करणार? ते गेल्यावर हेच उत्तर मी देऊ लागलो.

यंदा हे उत्तर चालण्यासारखे नव्हते. माझी सून शिवणकाम करते. लग्नाआधीपासून ती गणवेशांच्या एका कारखान्यात कामाला जात असे. आता तिने घरीच काम घ्यायचे ठरवले. शाळांचे पांढरे सदरे शिवायला द्यायला कारखान्याचा मालक तयार झाला. वर जागा नाही, म्हणून मशीन तळघरात बसवायच्या आणि गल्लीतल्या दोघीतिघींना सोबत घ्यायचे, असा तिचा बेत होता. थंडीत मालकाने अजमावण्यासाठी कापडाचा एक गठ्ठा पाठवला. चार दिवस तो तळघरात राहिला आणि त्याच्यावर तपकिरी ठिपके पडले. मालकाने गठ्ठा परत नेला. मागच्या आठवड्यात भेटला तेव्हा म्हणाला, येत्या शुक्रवारी पुन्हा येऊन जागा पाहीन, ओल दिसली तर काम दुसरीकडे जाईल. हे त्याने आवाज न चढवता सांगितले, त्यामुळे तो तसेच करील याविषयी कोणाला शंका राहिली नाही. माझा मुलगा पुण्याला नोकरीत, तो शनिवारी येतो. शुक्रवारच्या आत जे करायचे ते आम्हालाच करायचे होते. बुधवारी फरशीवाला येणार होता. मंगळवारचा दिवस नळांचा.

प्लंबर सांगोल्याकडचा. चाळिशीचा, अंगाने आडवा, बोलायला मोकळा. तळघराखालून जाणारे जुने नळ कुठेतरी फुटले असणार, ते उकरून काढायचे आणि प्लास्टिकचे नवे नळ भिंतीच्या कडेने फिरवायचे, हे त्याने आल्या आल्या ठरवले आणि पहार उचलली. मी त्याला थांबवले. कोणते पाणी कोणत्या नळाने जाते हे कळल्याशिवाय फरशीला हात लावायचा नाही, असे सांगितले.

"आवो काका, उकरल्याबिगर कळायचं कसं? नळ काय तोंडानं सांगतोय व्हय?"

"सांगेल. बस तिथे."

तो पायरीवर बसला. मी नीळ कालवली.

न्हाणीघर झाल्यावर स्वयंपाकघराची मोरी घेतली. तेही पाणी निळे होऊन चेंबरात आले. माझी पत्नी दारात उभी राहून पाहत होती.

"सगळी नीळ गटारात घाला," ती म्हणाली. "परवापासून पिवळे सदरे घालून फिरा म्हणजे झालं."

"काकू, नीळ ऱ्हाऊ द्या, च्या टाका," पायरीवरून आवाज आला.

"टाकते की. काकांसारखं बसून पगार खाणारं कोणीतरी भेटलं म्हणायचं."

तिसरी मोरी मागच्या अंगणातली. घराचे मागचे अंगण तळघराच्या मागच्या भिंतीला लागून आहे आणि रस्त्यापेक्षा बरेच खाली आहे. तिथे एक नळ, एक दगड आणि एक मोरी. माझी पत्नी लग्न होऊन आली तेव्हापासून धुणे तिथेच धुते. वॉशिंग मशीन आहे. चादरी मशीनमध्ये जातात. बाकीचे कपडे मशीन नुसते भिजवते, असे तिचे मत आहे. सकाळची अंघोळही मी तिथेच करतो.

त्या मोरीत निळीची बादली ओतली. पाणी घोटल्यासारखा आवाज करीत आत गेले. चेंबरात काही आले नाही. दुसरी बादली ओतली. चेंबर कोरडे.

"तुंबलंय," प्लंबर म्हणाला.

"तुंबले असते तर मोरी भरली असती."

त्याने वाकून मोरीत पाहिले. मग स्वतःच उठून तिसरी बादली भरली, ओतली आणि पळत पुढे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"न्हाय आलं की वो. मग जातंय कुटं?"

हाच प्रश्न होता. इतकी वर्षे रोज सकाळी त्या मोरीत पाणी ओतले जात होते आणि ते कुठे जाते हे घरातल्या कोणालाही ठाऊक नव्हते. मोरीतून पाणी गेले की ते गेले, असे आपण धरून चालतो.

"आमच्याकडं टँकर आला की बायका घागरीला घागर लावून हुब्या असत्यात," प्लंबर म्हणाला, "आन् तुमच्यात बादलीच्या बादली हरवतीया."

मी रेल्वेत रुळांच्या देखभालीचे काम केले. चढउतार मोजण्यात माझी नोकरी गेली. पातळी पाहायला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घरात होती. तिचे एक टोक प्लंबरने चेंबरमधल्या नळाच्या तोंडाशी धरले, दुसरे मी मागच्या मोरीशी धरले. नळी बोळातून लांबवली. पाणी स्थिर झाल्यावर दोन्हीकडे खुणा केल्या. मागच्या मोरीचे तोंड पुढच्या चेंबरपेक्षा वीतभर खाली निघाले.

खुणांपाशी मी काही वेळ उभा राहिलो. या मोरीचे पाणी रस्त्याकडे जाणे शक्यच नव्हते. नळ फुटला म्हणून वाट चुकली, असेही नव्हते. तशी वाट कधी नव्हतीच. ज्याने ही मोरी बांधली त्याला हे समजले नसेल, असे मानायला मन तयार होईना. बाकीच्या दोन मोऱ्यांचा उतार त्यानेच साधला होता, आणि तो चांगला साधला होता.

"आता उकर," मी म्हणालो. "मागच्या भिंतीपासून."

तळघराची फरशी शहाबादी. तिच्यात एका रांगेत चार चौकोनी ठिगळे आहेत, तिथली फरशी वेगळ्या रंगाची. लहानपणी त्या चौकोनांखाली मोहरांचे हंडे आहेत, असे मी आणि माझी बहीण मानत होतो. वडिलांनी एकदा रागावून सांगितले की खाली माणसे पुरलेली आहेत. त्यानंतर आम्ही त्यांच्यावर पाय ठेवत नव्हतो. मोठेपणी मी त्यांच्याकडे पाहणे सोडून दिले.

प्लंबरने भिंतीलगतची पहिली फरशी उचकटली. खाली वाळू होती. ओली, बारीक, नदीची वाळू. आणि ती निळी होती.

प्लंबरने ती बोटांत चोळून पाहिली. मग तो मोठ्याने हसला.

"काका! नळानं सांगितलं की!"

निळ्या वाळूच्या मागे मागे आम्ही फरश्या काढत गेलो. वाळूत खापरी नळ निघाले. हातभर लांबीचा एकेक तुकडा, एकापुढे एक मांडलेला. सांधे भरलेले नव्हते. प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट सोडलेली होती आणि त्या फटींतून पाणी वाळूत झिरपत होते. ही ओल पाहून प्लंबरला प्रथम आठवला तो पाणाड्या. त्याची आणि डांबर-कोळशाची गोष्ट मी चहाच्या वेळी सांगितली होती.

"मंजी पाणाड्या खोटा न्हवता. पाणी हितंच हाय म्हनला, ते हायच की. फकस्त कुणाचं हाय ते सांगायचं ऱ्हायलं बगा."

मग त्याने गवंड्याची निंदा सुरू केली. चुना संपला असेल, किंवा चुना घरी नेला असेल. सांधे न भरताच वर फरशी टाकून मोकळा झाला. असले आळशी गवंडी अजून आहेत, नावे सांगू का, असे त्याने विचारले. मी नको म्हणालो आणि फटीत बोट घातले. पुढच्या फटीत घातले. त्याच्या पुढच्या फटीतही. सगळ्या फटी सारख्या होत्या. शिवाय प्रत्येक फटीवर फुटक्या मडक्याचे खापर पालथे झाकलेले होते, वाळू आत पडू नये म्हणून. मी ते त्याला दाखवले.

"आळशी माणूस खापरे झाकत बसत नाही."

त्याने डोके खाजवले. "मग काय येडा व्हता म्हनायचं?"

नळ त्या चार चौकोनांच्या कडेने सरळ गेला होता. चौथ्या चौकोनापाशी संपला होता. शेवटच्या तुकड्याच्या तोंडात दगडाचे गोल बूच ठोकलेले होते, घडवून बसवलेले. पुढे वाट नाही. रोजचे पाणी आणून या चार चौकोनांच्या शेजारी सोडायचे आणि पुढे जाऊ द्यायचे नाही, एवढ्यासाठीच तो नळ होता.

मी पहिला चौकोन उघडायला सांगितले. हे कामात बसत नव्हते. फरशीवाला उद्या येणार, शुक्रवार तोंडावर, आणि मी खड्डे उकरायला लावतो आहे, हे मला दिसत होते. तरी सांगितले.

वरची फरशी निघाली. खाली राख आणि विटांचा चुरा भरलेला. प्लंबर घमेल्याने तो उपसू लागला. जिन्यावरून पत्नीचा आवाज आला.

"हंडा निघाला का हो?"

"निघाला, काकू! पन राखंचा हाय!"

"मग भांडी घासायला तरी येईल. द्या वर पाठवून."

चुरा उपसल्यावर खड्डा दिसला. दगडाने बांधलेला, मांड्यांपर्यंत खोल. एका बाजूची कड बसून बसून गुळगुळीत झालेली. वर जमिनीवर बसायचे आणि पाय खाली सोडायचे, अशी रचना. हे मात्र मला ओळखू आले. शाळकरी वयात शेजारच्या घरांतून असे खड्डे मी पाहिले होते. विणकर कडेवर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो, समोर माग असतो. तळघरात चार हातमाग होते. आमच्या घराखाली कोणी पुरलेले नव्हते. चार माणसे बसत होती.

पण मागाशेजारी पाणी कशाला? कापड विणायच्या जागी मुद्दाम ओल कोण आणतो? ओलीने कापडाचे काय होते ते आम्ही थंडीत पाहिले होते. मी खड्ड्याच्या कडेवर बसून राहिलो आणि प्लंबरने तंबाखू मळायला घेतली.

तेवढ्यात सून खाली आली. वर मशीन चालवून ती कंटाळली होती. काम कुठवर आले ते पाहायला आली होती. तिचे लक्ष शुक्रवारवर होते. उघडी पडलेली जमीन पाहून तिचा चेहरा उतरला. मी तिला नळ दाखवला, फटी दाखवल्या, खापरे दाखवली, बूच दाखवले. तिने वाकून ओली वाळू मुठीत घेतली आणि दाबून पाहिली.

"बाबा, हे दोऱ्यासाठी आहे."

"कशावरून?"

"एप्रिलमध्ये वर मशीनवर बसते तेव्हा सुती दोरा किती वेळा तुटतो ते आईंना विचारा. हवा कोरडी असली की दोरा कडक होतो. कारखान्यात जुन्या बायका रीळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. मीही ठेवते. इथे तर सूत उघड्यावर ताणलेलं असायचं, दिवसभर. ओल नसती तर त्यांनी विणलं असतं कमी आणि गाठी मारल्या असत्या जास्त."

मी ते लगेच मान्य केले नाही. ऐकायला बरोबर वाटते म्हणून एखादी गोष्ट बरोबर ठरत नाही. झराही ऐकायला बरोबरच वाटत होता. मी टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरलो. खड्ड्याच्या तीन बाजूंचे दगड चुन्यात पक्के बसवलेले होते. नळाकडच्या चौथ्या बाजूला चुना नव्हता; दगड नुसते एकावर एक रचलेले होते आणि त्यांच्यामधून वाळूचा गारवा हाताला लागत होता. म्हणजे पाणी नळातून वाळूत, वाळूतून दगडांत आणि दगडांतून मागाखालच्या हवेत. माणसाच्या पायांना गारवा मिळत होता तो वेगळा. दुसरा खड्डाही थोडा उघडून पाहिला. तिथेही तीच एक बाजू बिनचुन्याची.

"बरोबर आहे तुझे," मी वर येऊन सांगितले.

प्लंबरला ही गोष्ट नीट समजायला क्षणभर वेळ लागला. मग त्याने मांडीवर थाप मारली.

"मंजी सकाळी तुमी मोरीत पानी वतायचं, आन् दुपारी तळघरात डांबार फासायचं! लई भारी की, काका! कोळसा बी पुरला म्हनं!"

"आणि ते पाणी माझ्या धुण्याचं," जिन्यावरून पत्नी म्हणाली. ती खाली उतरत नाही, गुडघ्यांमुळे. वरच्या पायरीवर बसून सर्व ऐकत होती. "तुमच्या वडिलांनी माझ्या धुण्याच्या पाण्याला झरा म्हणून नारळ फोडला होता, ते मी पाहिलंय."

तिच्या म्हणण्यात थोडी चूक होती. नारळ फोडला तेव्हा ती या घरात आलेली नव्हती. पण मी तो मुद्दा काढला नाही.

हसणे ओसरल्यावर अडचण समोर आली. ओल थांबवायची तर मागची मोरी बंद करायला हवी. त्या मोरीच्या पाण्याला रस्त्याकडे नेणारा उतार नाही. नळ फिरवायचा, पण कुठे फिरवायचा?

"मोरी वर घेऊ," प्लंबर म्हणाला. "गुडघाभर भराव टाकू, वर मोरी बांदू. उतार आपोआप घावतोय."

"गुडघाभर चढून धुणं धुवायचं असतं तर मी माडीवरच धुतलं असतं की," पत्नी म्हणाली. "मला दगडाशी बसता येतं ते अंगण सपाट आहे म्हणून."

"मग खड्डा करून मोटर बसवू. बटन दाबलं की पानी वर."

मोटर मला नको होती. वीज गेली की खड्डा भरणार, भरला की पाणी पुन्हा तळघराच्याच भिंतीला लागणार. एक ओल घालवून दुसरी आणायची.

सून उठली आणि पदराला हात पुसले.

"राहू द्या, बाबा. आईंची मोरी काढून मला मशीन लावायची नाही. मी कारखान्यात जाईन पुन्हा. जातच होते की."

"तू गप्प बस," पत्नी म्हणाली. "सकाळी जाऊन रात्री यायचीस तेव्हा तुझं तोंड बघवत नव्हतं. मोरी बंद करा हो. मी बघते काय करायचं ते."

"काय बघणार आहात, आई? ओणव्यानं धुणार?"

"धुणारच नाही. यांना सांगेन धुवायला. पेन्शन घेऊन बसलेच आहेत."

त्या दोघींचे हे चालू असताना मी नळी उचलली. घराच्या डाव्या बाजूने मागच्या अंगणातून पुढे रस्त्याकडे बोळ जातो. बोळाची जमीन पुढे चढत जाते. मागच्या टोकाला ती मोरीइतकीच खाली, पुढच्या टोकाला चेंबरपेक्षा बरीच वर. यांच्या मधे कुठेतरी अशी जागा असली पाहिजे, जिथून पाणी चेंबरात जाईल आणि जिथे जमीन सपाट असेल. मी प्लंबरला चेंबरपाशी उभे केले आणि माझे टोक घेऊन बोळातून पावला-पावलाने पुढे सरकत गेलो. प्रत्येक ठिकाणी पाणी स्थिर होऊ द्यायचे, खूण पाहायची, पुढे सरकायचे. पाण्याचा नळही बोळातूनच जातो, त्यामुळे तोटी काढणे सोपे होते. एका ठिकाणी उतार पुरेसा मिळाला. तिथे जमिनीला शहाबादी लावलेली होती, सपाट. रस्त्यावरून दिसू नये एवढा आडोसाही होता, कारण तिथे पत्र्याचे छप्पर आणि कमरेएवढी भिंत होती.

छप्पर आणि भिंत मीच घातली होती. निवृत्त झाल्यावर मी तिथे कामाचे टेबल मांडले. सागवानी फळी, तिच्यावर वस्तू आवळून धरायचा लोखंडी व्हाइस, भिंतीला हत्यारे. कुलपे, स्टोव्ह, सायकलींची चाके, गल्लीतल्या लोकांचे पंखे, जे येईल ते दुरुस्त करीत दुपारी मी तिथे असतो.

आणखी पुढे गेलो. पुढे बोळ अरुंद होतो; तिथे बसून धुणे होणार नाही. मागे उतार नाही. पुन्हा मोजले. जागा एकच होती.

"तिथे तुमचं दुकान आहे," मागच्या दारात येऊन पत्नी म्हणाली.

"काढतो."

"आणि ठेवणार कुठे?"

सून मागे उभी होती. "खाली तळघरात ठेवा, बाबा. कोपरा मोठा आहे. मशीनच्या आवाजात ठोकाठोक कळायचीही नाही."

"लोखंडाचा कीस आणि पांढरे कापड एका खोलीत ठेवत नाहीत. गंजाचे ठिपके पडले तर मालकाला तू काय सांगशील?"



"मग दुपारी करणार काय तुम्ही?" पत्नीने विचारले.

"ते दुपारी बघू," मी म्हणालो आणि पाना आणायला गेलो.

व्हाइसचे बोल्ट प्लंबरला सुटेनात. ते मी बसवले होते, मीच सोडले. तो म्हणाला, काका, विकायचे असेल तर मला सांगा. मी विकायचे नाही म्हणालो. तो म्हणाला, विकायचं न्हाय तर मग आसंच द्या की, पाव्हण्यासारखा सांभाळतो. पत्नी म्हणाली, पाव्हणा म्हणजे दोन दिवसांत हाकलणार. व्हाइसला तेल लावून मी तो गोणपाटात बांधला आणि पलंगाखाली सरकवला. फळी गच्चीवर गेली. हत्यारे ट्रंकेत बसली. सगळी बसली नाहीत.

बाकीचे काम साधे होते आणि ते प्लंबरने नेटके केले. कमरेएवढ्या भिंतीला लागून मोरीची जागा आखली, जमीन फोडली, नवा नळ बोळातून चेंबरपर्यंत नेला. प्रत्येक लांबीवर मी उतार तपासला. दोनदा नळ उचलून खाली पुन्हा वाळू भरायला लावली. त्याने दोन्ही वेळा कपाळाला हात लावला आणि दोन्ही वेळा भरली. तोटी बसवली. मागच्या अंगणातला धुण्याचा दगड पहारीने सुटा करून, लाकडी ओंडक्यांवरून सरकवत बोळात आणला. पत्नीने तो तीन वेळा इकडचा तिकडे करायला लावला. शेवटी ती त्याच्यावर बसून उठली, पुन्हा बसली आणि बरे आहे म्हणाली. मग तिने बादली ओतली. प्लंबर चेंबरपाशी वाकून ओरडला, "आलं! आन् सादंच आलं, निळं न्हाय!"

तळघरातली ओली वाळू सुनेने घमेल्यांनी भरून दिली, प्लंबरने ती गच्चीवर नेऊन उन्हात पसरली. नळ आणि खापरे उचलून न्यायची का, असे त्याने विचारले. मी नाही म्हणालो. ते जागच्या जागी राहू दिले आणि त्यांच्यावर कोरडी वाळू भरून घेतली. चुरा भरून चौकोन पूर्ववत केले. बुधवारी फरशीवाला त्यांच्यावरून फरशी घालणार होता. थंडीत गठ्ठा ठेवला होता त्या फरशीवर सुनेने पांढऱ्या कापडाचा तुकडा अंथरला. सकाळी उचलून पाहायचे ठरले. वाळू गेली म्हणजे ओल लगेच जाईल, असे मी तिला सांगितले नाही. दोन दिवस पंखा लावून ठेव आणि दार उघडे ठेव, एवढे सांगितले. शुक्रवारपर्यंत भिंती किती सुकतील ते मला ठाऊक नव्हते. नवीन पाणी येणार नव्हते, एवढे ठाऊक होते.

प्लंबर हातपाय धुऊन गेला. ऊन कलले होते. मी मागच्या अंगणात सिमेंट कालवायला बसलो. सून तिथे आली आणि जुन्या मोरीच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली.

"बंदच करायचं का, बाबा? म्हणजे, एप्रिल-मेमध्ये दोरा तुटायला लागला, तर एखादी बादली..."

"दोरा ओल्या फडक्यात ठेव."

"ठेवते की," ती म्हणाली. "पण त्यांची डोकी बघा ना. बोटभर फट, वर खापर. कोणाला सुचलं असेल?"

मलाही दिवसभर तेच वाटत होते. तो नळ आखणारा माणूस त्या चौघांपैकी एखादा विणकर होता की गवंडी, पहिल्या दिवशी पाणी सोडल्यावर त्याने वाळूत हात घालून पाहिले असेल का, किती दिवस थांबून मग सूत ताणले असेल, हे विचारायला आता कोणी नाही. मी तिला थापी मागितली. तिने दिली.

मोरीच्या तोंडात प्रथम विटेचे तुकडे ठासले, मग सिमेंट भरले आणि थापीने वरून सपाट केले. या हवेत सिमेंट झपाट्याने सुकते आणि तडकते. म्हणून पोत्याचा तुकडा भिजवून त्यावर अंथरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, थापी धुतली आणि आत गेलो.